पूजेत मांडलेली दोन कार्डं

त्या फोटोत मी हसतेय. हात जोडलेले, कपाळाला कुंकू आणि चेहऱ्यावर असा काही सात्त्विक भाव, की माझी मलाच चीड येते. माझ्या पुढ्यात शुभांगी पाटाशी वाकलेली आहे. तिच्या हिरव्या बांगड्यांचा हात पाटावर टेकलाय, आणि त्या हाताशी स्क्रू-गन, नट-बोल्टचे पाने आणि झेंडूच्या फुलांमध्ये दोन पांढरी कार्डं ठेवलेली आहेत. हा फोटो मीच काढायला लावला. कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकायलाही मीच सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आधी त्या कार्डांचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी एका मोटार कंपनीत गाड्यांच्या सायबर सुरक्षेची प्रमुख आहे. ऑफिस हिंजवडीत, कारखाना उरवड्याला. हल्लीची गाडी म्हणजे चाकं लावलेला कॉम्प्युटरच. ब्रेक कधी लागावा, दार कुणाला उघडावं, सगळं प्रोग्रॅम ठरवतो. कुणी भलत्याने आपला प्रोग्रॅम आत घुसवला तर चालत्या गाडीचे ब्रेक त्याच्या हातात जातील. म्हणून आमच्या प्रत्येक प्रोग्रॅमवर कंपनीची सही लागते. सही नसेल तर गाडी तो आत घेतच नाही. ही सही करणारी एक पेटी उरवड्याच्या कारखान्यात एका बंद खोलीत आहे, आणि दोन कार्डं एकदम घातल्याशिवाय ती चालू होत नाही. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची, तसंच.

दोन कार्डं दोन वेगळ्या माणसांकडे राहतील. सहीची वेळ सोडून ती कधीही एका जागी येणार नाहीत. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याने खोलीच्या दारातली पिवळी पट्टी ओलांडायची नाही, मग तो कंपनीचा मालक का असेना. हे सगळे नियम मी लिहिले. आमचे कारखाना-प्रमुख किशोर सर एकदा सहीच्या वेळी घाईने आत शिरत होते, तर त्यांना मी पट्टीबाहेर वीस मिनिटं उभं केलं होतं. त्यांना राग आला आणि मला मजा आली. मजा आली हे आता कबूल करते.

एक कार्ड माझ्याकडे होतं. दुसरं शुभांगीकडे.

शुभांगी उरवड्याचीच सून. आयटीआय झालेली, गाडीत प्रोग्रॅम भरायच्या बाकावर काम करायची, तेही वर्षावर्षाच्या करारावर. एकदा तिला पडद्यावरचा आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळेना, तर तिने सबंध लाइन थांबवली. सुपरवायझर तिच्या अंगावर ओरडत होता आणि ही शांतपणे म्हणत होती, "वरडा किती बी. आकडा जुळल्याबिगर मी बटन दाबनार न्हाई." तिचंच बरोबर निघालं. दुसरं कार्ड एखाद्या मॅनेजरला द्या असं सगळे म्हणत होते, मी भांडून ते शुभांगीला दिलं. त्याआधी तीन महिने तिला एका रिकाम्या कार्डावर शिकवलं. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखं, पण त्याने काहीच उघडत नाही. अदलाबदल नको म्हणून त्याच्या पाठीवर मी मार्करने 'सराव' असं लिहिलं होतं.

खरं सांगायचं तर तिला कार्ड देण्यात निम्मी तिची हुशारी होती आणि निम्मी माझी हौस. मोटार उद्योगातल्या तंत्रज्ञ स्त्रिया, सुरक्षेची धुरा स्त्रियांच्या हाती, असल्या विषयांवर मला बोलायला बोलावतात. दर भाषणात मी शुभांगीला आणायची. परभणीहून आलेली मी आणि उरवड्याची ती, आम्हा दोघींच्या कार्डांशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर पडत नाही, असं म्हटलं की टाळ्या हमखास पडायच्या.

तर गेल्या खंडेनवमीला मी मुद्दाम उरवड्याला गेले. आमच्या ऑफिसात त्या दिवशी लोक लॅपटॉपला कुंकू लावून मोकळे होतात, पण कारखान्यातली पूजा बघण्यासारखी असते. लाइन धुऊन पुसून लख्ख. लाल कापड घातलेल्या पाटावर सगळ्यांची हत्यारं मांडलेली. ती हत्यारं दुसऱ्या दिवशी दसऱ्याची आरती झाल्यावरच उचलतात. तोवर काम बंद. फोटो काढणाऱ्याला मी सोबत घेऊन गेले होते.

लाइनवरचा एक जण म्हणाला, "म्याडम, तुमचं हत्यार कुटं हाय? सगळ्यांची मांडली की."

लोक हसले. मलाही ते आवडलं. मी पर्समधून कार्ड काढलं आणि शुभांगीच्या हातात दिलं. "हे आमचं हत्यार. ठेव. आणि तुझंही आण."

ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "म्याडम, दोन्ही एका जागी ठिवायची न्हाईत ना?"

"अगं, देवापुढून कोण चोरणार? आण लवकर, फोटो काढायचाय."

हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ती लॉकरकडे गेली, कार्ड घेऊन आली आणि दोन्ही कार्डं पाटावर शेजारी-शेजारी ठेवून त्यांना कुंकू लावलं. तेवढ्यात फोटो निघाला. जेवणं झाली, मला हिंजवडीला परतायचं होतं. निघताना ती मागोमाग फाटकापर्यंत आली. "तुमचं कार्ड तरी घिऊन जावा." मी म्हटलं, "पूजेतलं आजच कसं उचलायचं? राहू दे, एका रात्रीनं काय होतंय." आणि कॅबमध्ये बसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दसऱ्याला आरतीनंतर तिने माझं कार्ड पाकिटात सील करून माझ्याकडे पोचवलं. त्यात काही वावगं झालं असं माझ्या मनातही आलं नाही.

पंधरा दिवसांनी परीक्षक आले. आमच्या गाड्या परदेशी विकायच्या तर सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं, ते देणाऱ्या संस्थेचे हे नरहरी सर. बारीक, मृदू बोलणारा माणूस. उरवड्याच्या मीटिंगच्या खोलीत त्यांनी पडद्यावर तो फोटो लावला. आमच्याच पानावरून उचललेला.

"ही दोन कार्डं सहीचीच ना?"

खोलीत आठ माणसं होती. किशोर सर माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं.

"शेजारी-शेजारी. किती वेळ होती?"

"दुसऱ्या दिवशीपर्यंत."

"हे कसं झालं?"

आता इथे एक वाक्य बोलायचं होतं: मी सांगितलं म्हणून झालं. चार शब्द. माझ्या तोंडून निघालं ते असं, की लाइनवरच्या ऑपरेटरने पूजा मांडली होती, गावाकडे हत्यारं पुजायची पद्धत असते, तिला कार्डाचं गांभीर्य तितकंसं लक्षात आलं नसावं, आमच्या प्रशिक्षणात ती उणीव राहिली. शांत, समंजस आवाजात बोलले. उणीव स्वतःच्या पदरात घेतल्यासारखीही दिसली. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते की यातला एकही शब्द खोटा नाही. पूजा तिनेच मांडली होती. कार्डं तिच्याच हाताने ठेवली गेली होती. फोटोत हातही तिचाच होता.

"आणि तुमचं कार्ड?"

"गर्दीत तिच्याकडे दिलं. दर्शनापुरतं, असं मला वाटलं."

मला तोंडी समज मिळाली. शुभांगीला पत्र मिळालं. ते इंग्रजीत होतं. तिचं कार्ड काढून घेतलं आणि तिला वायरींना टेप गुंडाळायच्या टेबलावर बसवलं. करार नोव्हेंबरअखेर संपत होता. पत्र फाइलला लागलं की तो पुढे वाढत नाही, हे मला माहीत होतं. दोन्ही कार्डं रात्रभर उघड्यावर एकत्र होती म्हणजे कार्डं आणि पेटीतल्या सहीच्या किल्ल्या, सगळंच विटाळलं असं धरायला लागतं. जुनी कार्डं नष्ट केली, नवीन केली, पेटी नव्याने भरली. तीन आठवडे सही झाली नाही आणि चौदाशे गाड्या आवारात ऊन खात उभ्या राहिल्या. येणारा-जाणारा म्हणायचा, त्या बाईच्या पूजेपायी.

त्या दिवसांत नव्या कार्डांच्या कामासाठी मी उरवड्यालाच बसत होते. शुभांगी माझ्या तिथल्या केबिनशी तीनदा आली. पहिल्यांदा मी फोनवर होते. दुसऱ्यांदा म्हटलं, "नंतर बघू गं." तिसऱ्यांदा ती काचेपलीकडे उभी होती, आमची नजरानजर झाली, आणि मी उठून पडदा ओढला. तो पडदा ओढतानाचा माझा हात मला अजून दिसतो. ती आपल्याला जाब विचारायला येतेय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चोराच्या मनात चांदणं.

नोव्हेंबरात हिंजवडीच्या एका हॉटेलात कार्यक्रम होता. गाड्यांची सुरक्षा सांभाळणाऱ्या आम्ही चार बायका व्यासपीठावर. त्या दिवशी मी शुभांगीचं नाव घेतलं नाही. पण प्रश्नोत्तरांत एक कॉलेजातली मुलगी उठली, हातात वही, चेहरा नुसता उजळलेला. "मॅडम, तुमचं मागचं भाषण मी ऐकलंय. त्या उरवड्याच्या ताई कशा आहेत? अजून कार्ड त्यांच्याकडेच आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

टाळ्या पडल्या. त्या मुलीने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, आता उठून पळावं इथून. आधीच्या वाक्यांत निदान चतुराई होती. हे उघडं, नागडं खोटं होतं, आणि त्या पोरीने ते जपून ठेवण्यासाठी लिहून घेतलं होतं.

शनिवारी मी माण, घोटावडे करत उरवड्याला गेले. कंपनीची कॅब न घेता, स्वतःची गाडी काढून. शुभांगीचं घर शोधायला वेळ लागला नाही. नवं दुमजली घर, वरच्या खोल्या कारखान्यातल्या बिहारी मुलांना भाड्याने दिलेल्या. अंगणात तिच्या सासूबाई, तुळजाबाई, नवे इंद्रायणी तांदूळ पाखडत बसल्या होत्या.

"तुमीच व्हय त्या म्याडम," त्या सूप खाली न ठेवता म्हणाल्या. "बसा. आमी गावभर सांगत फिरायचो, आमच्या सूनबाईच्या कार्डाबिगर गाडी भाईर पडत न्हाई. आता लोक इचारत्यात, कार्ड चोरलं का इकलं? काय सांगायचं आमी?"

शुभांगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी पाणीसुद्धा न पिता बोलायला लागले, थांबले असते तर धीर गेला असता.

"शुभांगी, मी माफी मागायला आलेय. दोन्ही कार्डं पाटावर ठेवायला मीच सांगितलं होतं, आणि तिथं मी ते बोलले नाही. तुझ्यावर ढकललं."

"दोन्ही कवा ठिवली मी?" ती म्हणाली.

मला वाटलं ती टोमणा मारतेय. ती आत गेली आणि देवघरातून एक कार्ड घेऊन आली. त्यावर कुंकवाचं बोट सुकून काळपट झालं होतं. तिने ते माझ्या हातात दिलं. "उलटं करून बघा."

मागे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: सराव.

तुळजाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"तुमी चारचौघांत म्हनलात, आन म्हनून," शुभांगी सांगत होती. "न्हाई म्हनले असते तर तुमचं हसं झालं असतं. आन आनलं असतं तर नियम मोडला असता. मग सरावाचं आनलं. खरं माझ्या लॉकरात कुलपात व्हतं. दुसऱ्या दिवशी पूजेतलं टाकायचं कसं, म्हनून हे घरी देवापाशी ठिवलं."

"मग चौकशीत का नाही सांगितलंस?" मी विचारलं, आणि विचारतानाच माझ्या आवाजातली जुनी जरब मला ऐकू आली. अजूनही मी तिलाच जाब विचारत होते.

"इचारलं कुनी?" ती म्हणाली. "फोटो दावला, हात तुजा का म्हनले. माजाच हाय म्हनले. सही कर म्हनले. मला वाटलं, आदी म्याडमला सांगावं. म्याडमच्या कार्डाचं सगळ्यांम्होरं कसं काढायचं? म्हनून तीनदा तुमच्या दाराशी आले. तुमी पडदा वढला."

म्हणजे जाब विचारायला ती आलीच नव्हती. मला वाचवायची वाट शोधत आली होती. चौदाशे गाड्या तीन आठवडे फुकट उभ्या राहिल्या होत्या, कारण माझं कार्ड त्या पाटावर एकटंच होतं आणि एकट्या कार्डाने पेटी चालूच होत नाही. आख्ख्या कंपनीत माझा नियम पाळणारी एकच बाई होती, आणि नियम मोडल्याचं पत्र मी तिलाच दिलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलं होतं. इथे तर फाशीचा दोर चोरानेच ओढला होता. मला तिच्याकडे मान वर करून बघवेना. तोंड लपवायला जागा असती तर मी त्या तांदळाच्या पोत्याआड बसले असते.

मी पर्समधून फोन काढला. "आत्ता नरहरी सरांना सांगते. किशोर सरांनाही."

"हितं न्हाई," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "माझ्या अंगनात बोलून काय उपेग? ज्या खोलीत माजं नाव घेतलं तितं बोला. त्याच मानसांम्होरं. आन मी बी बसनार हाय तितं. मला ऐकायचं हाय."

तुळजाबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. "ते कार्ड हितंच ठिवा म्याडम," त्या म्हणाल्या. "शुभांगी घिऊन यील तवा."

बरोबरच होतं. माझ्या हाती ते कार्ड द्यायचा विश्वास त्यांना का वाटावा?

करार संपायला चार दिवस उरले असताना आम्ही त्या खोलीत बसलो. तीच आठ माणसं आणि नववी शुभांगी, टेप गुंडाळून बोटं काळी झालेली. तिने कार्ड टेबलावर ठेवलं. मी सगळं सांगितलं, मधला फाटकापाशी 'एका रात्रीनं काय होतंय' म्हटल्याचा भागसुद्धा. सांगताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. नरहरी सरांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"म्हणजे त्या रात्री उघड्यावर फक्त तुमचं कार्ड होतं."

"हो."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या शनिवारी."

"त्याआधी हिला विचारलं नाहीत?"

"नाही."

"का?"

नोकरी, पद, प्रमाणपत्र, सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून आले होते. या प्रश्नाचं नव्हतं. "लाज वाटत होती," मी म्हटलं. "तिच्यासमोर जायची लाज वाटत होती, म्हणून विचारलं नाही. आणि विचारलं नाही म्हणून तिला शिक्षा झाली."

किशोर सर पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. शुभांगी सरळ माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत माफी होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. विचारायची माझी हिंमतही झाली नाही.

पत्र फाइलमधून काढलं. करार वाढला. नवं दुसरं कार्ड तिच्याकडे गेलं, आणि पहिलं, म्हणजे माझं, माझ्याच विभागातल्या ज्ञानदाकडे. माझं पद राहिलं, पण वर्षभर मी कार्डाला हात लावायचा नाही असं ठरलं. त्या कॉलेजातल्या मुलीचा पत्ता आयोजकांकडून मिळवून मी तिला सगळं लिहून कळवलं. तिचं उत्तर आलेलं नाही.

त्या दोघींच्या हातची पहिली सही डिसेंबरात झाली. प्रोग्रॅमच्या आकड्यांचा कागद माझ्याकडे होता, म्हणून मी उरवड्याला गेले. ज्ञानदा आत पेटीपाशी उभी होती. शुभांगी दारात. मी कागद पुढे केला, तिने आकडे एकेक करून तपासले, पुन्हा पहिल्यापासून तपासले आणि कागद घेऊन आत वळली. इतक्या वर्षांची सवय, मीही तिच्या मागोमाग पाऊल उचललं.

"म्याडम, पट्टी," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. मीच तिला शिकवला होता तो स्वर, कुणाकडेही न बघता, कुणासाठीही न बदलता. मी खाली पाहिलं. माझ्या चपलेचं टोक पिवळ्या रंगावर होतं. मी पाय मागे घेतला. पलीकडून लाइनवरचे दोघे-तिघे बघत होते, त्यांच्यात किशोर सरही होते.

तिने दार लावून घेतलं. सही व्हायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी तिथेच उभी होते.